वर्ग संपल्यानंतर : बडोदे संस्थानातील ग्रंथपालांचे शिक्षण

(ग्रंथपाल दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज १२ ऑगस्ट, म्हणजे आपला दिवस. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची जयंती. गंमत अशी आहे की रंगनाथनांचा खरा जन्मदिवस ९ ऑगस्ट १८९२, आणि कागदोपत्री मात्र १२ लागला, असं सांगतात. ज्या माणसानं आयुष्यभर नोंद अचूक करायला शिकवलं, त्याच्याच नोंदीत तीन दिवसांची चूक! (हशा) असो. आज रंगनाथनांना हार घालूनच सुरुवात करायची, पण व्याख्यान मात्र त्यांच्यावर नाही. मला तुम्हाला त्यांच्याही आधी, बडोद्याला घेऊन जायचं आहे.

विषय आहे ग्रंथपालांचं शिक्षण. पण पदवी, पदविका, पात्रता परीक्षा याबद्दल मी फारसं बोलणार नाही. त्याची माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. मला बोलायचं आहे ते प्रमाणपत्र हातात पडल्यानंतरच्या शिक्षणाबद्दल. नोकरीला लागल्यावर पंचवीस-तीस वर्षं माणूस शिकतो की नाही, शिकला तर कुठं शिकतो, कुणाकडून शिकतो? हा प्रश्न आजचा वाटतो, संगणक आल्यावरचा वाटतो. पण तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि आपल्याकडं तो पहिल्यांदा उभा राहिला बडोद्यात.

बडोद्याची गोष्ट सांगायची तर कवळाण्यापासून सांगायला हवी. कवळाणे हे नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळचं गाव. तिथला गोपाळराव नावाचा शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट आपण पटकन विसरतो. गादीवर बसला तेव्हा या मुलाला अक्षर ओळखही नव्हती. बाराव्या वर्षी तो पाटी घेऊन बसला, आणि मग इतकं वाचलं, इतकं वाचलं की त्याच्या राजवाड्यातला खाजगी ग्रंथसंग्रहच हजारोंच्या घरात गेला. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आलेलं अक्षर जातंही. सरावात नसलं तर पुसलं जातं.

सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. सबंध हिंदुस्थानात तेव्हा असं कुणी केलं नव्हतं. पण लवकरच लक्षात यायला लागलं की मुलगा चौथी शिकतो, शाळा सोडतो, शेतावर जातो, आणि काही वर्षांत त्याची सही पुन्हा अंगठ्यावर येते. घरात पुस्तक नाही, गावात पुस्तक नाही. मग शिकवलेलं राहणार कुठं? याच वर्षी, म्हणजे १९०६ मध्येच, महाराज अमेरिकेत गेले होते. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली. शाळेनं दिलेलं अक्षर टिकवायचं तर प्रत्येक गावात वाचनालय पाहिजे, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का झाला.

हा हिशेब लक्षात ठेवा. शाळेत शिकलेलं शाळेनंतरच्या सोयीशिवाय टिकत नाही, हा तो हिशेब. मी पुढं पुन्हा याच्याकडं येणार आहे.

आता वाचनालयं काढायची तर चालवणारी माणसं हवीत. संस्थानात ग्रंथालयं नव्हती असं नाही. मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक होते, चरोतर भागातले. त्यांनी मित्रमंडळांच्या नावानं गावोगाव छोटी वाचनालयं आधीच सुरू केली होती. चार मित्र वर्गणी काढायचे, वर्तमानपत्रं मागवायची, वाचून झाली की पुढं द्यायची. पण हा झाला उत्साह. याला शास्त्राची जोड कुठून आणायची? दुसऱ्या अमेरिका भेटीत, १९१० मध्ये, महाराजांनी एक माणूस गाठला. विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन. कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल. त्याआधी बोस्टन अथेनियममध्ये चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केलेले. कटर म्हणजे ज्यांचे लेखकांक आपण पुस्तकाच्या पाठीवर अजून लिहितो तेच.

बॉर्डन यांचा आणखी एक धागा सांगतो, कारण तो आपल्या विषयाचा आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची शाळा काढली. जगातली ही अशी पहिली शाळा. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, त्यातल्या सतरा स्त्रिया. कॉलेजच्या विश्वस्तांना स्त्रियांना प्रवेश देणं मान्य नव्हतं, वर्गखोली द्यायलाही ते तयार होईनात. मग ड्यूईंनी एका प्रार्थनामंदिराच्या वरची अडगळीची खोली झाडून घेतली आणि वर्ग तिथं सुरू केला. दोन वर्षांत ती शाळा कोलंबियातून उठून ऑल्बनीला गेली. त्या शाळेत व्याख्यानं द्यायला जाणाऱ्यांत बॉर्डन होते. म्हणजे अडगळीच्या खोलीतून निघालेली ही विद्या तेवीस-चोवीस वर्षांत बडोद्याला पोचली. तार, आगबोट आणि एक हौशी राजा, एवढ्यावर.

बॉर्डन १९१० च्या अखेरीस आले आणि १९१३ मध्ये परत गेले. तीन वर्षं. या तीन वर्षांत त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खातं उभं केलं. राजवाड्यातला महाराजांचा संग्रह आला आणि त्यावर मध्यवर्ती ग्रंथालय झालं. त्यात स्त्रियांसाठी वेगळी सोय, मुलांसाठी वेगळा विभाग. त्याखाली प्रांताची, गावाची, खेड्याची ग्रंथालयं. खेड्यांसाठी पैशाची जी रीत बसवली ती मला आजही फार शहाणपणाची वाटते. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवायचा, स्थानिक पंचायतीनं तेवढाच घालायचा आणि सरकारनं तेवढाच. फुकट काही नाही. लोकांचा पैसा आला की सरकारचा येणार. जिथं ग्रंथालय नाही तिथं फिरत्या पेट्या. लाकडी पेटीत पंधरा-वीस-तीस पुस्तकं, कुलूप लावून रवाना. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानाचा. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाचे खेळ. बॉर्डननी वर्गीकरणाची एक पद्धतही तयार केली, ड्यूई आणि कटर या दोघांचा मेळ घालून. ती बडोदे पद्धत म्हणून ओळखली गेली.

आणि १९११ मध्ये प्रशिक्षण वर्ग. हिंदुस्थानात ग्रंथपालांसाठी काढलेला हा पहिला वर्ग.

आपल्या पाठ्यपुस्तकात हे इथं संपतं. परीक्षेला प्रश्न येतो, ‘भारतात ग्रंथालयशास्त्राचे पहिले प्रशिक्षण केव्हा व कोठे सुरू झाले?’ उत्तर, १९११, बडोदे, बॉर्डन. एक गुण. मीही हा गुण मिळवला आहे आणि पुढं अनेक वर्षं दिलाही आहे. पण मला नंतर असं वाटायला लागलं की आपण चुकीच्या गोष्टीला गुण देतो आहोत. वर्ग निघाला हे खरंच. पण वर्ग म्हणजे काय? परदेशातून एक जाणकार माणूस आला, त्यानं काही निवडक लोकांना वर्गीकरण, तालिका, देवघेव शिकवली आणि तो निघून गेला. अशा वर्गाचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. वह्या भरतात. वह्या कपाटात जातात.

बडोद्यात तसं लगेच झालं नाही, आणि का झालं नाही ते पाहण्यासारखं आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी आपलं एक मंडळ केलं, लायब्ररी क्लब. या क्लबानं १९१२ मध्ये एक त्रैमासिक काढलं, ‘लायब्ररी मिसेलनी’. ग्रंथालय या विषयाला वाहिलेलं आपल्या देशातलं हे पहिलं नियतकालिक. आणि ते तीन भाषांत होतं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी. एकाच अंकात तिन्ही.

मंडळी, या तीन भाषांवर मी जरा थांबणार आहे. नुसतं नाव करायचं असतं तर इंग्रजी पुरे होतं. इंग्रजी अंक न्यूयॉर्कला जातो, लंडनला जातो, तिकडं कौतुक होतं. ते झालंही असेल. पण गुजराती आणि मराठी कुणासाठी? न्यू हेवनसाठी नक्कीच नाही. ती होती खेड्यातल्या त्या माणसासाठी जो दिवसा शाळेत शिकवतो किंवा दुकान चालवतो आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडतो. त्याला कुणी वर्गाला बोलावलेलं नाही. बोलावलं तरी तो येऊ शकत नाही. त्याच्यापर्यंत वर्ग टपालानं गेला पाहिजे, आणि त्याच्या भाषेत गेला पाहिजे. आठवतोय ना महाराजांचा हिशेब? शाळेत शिकलेलं शाळेनंतरच्या सोयीशिवाय टिकत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला जो न्याय, तोच इथं ग्रंथपालाला लागू झाला. कुणी ठरवून लावला की कामाच्या ओघात लागला, हे सांगणं अवघड आहे. पण लागला.

या मासिकामागं जे गृहस्थ होते त्यांचं नाव जनार्दन सखाराम कुडाळकर. आपला मराठी माणूस. बॉर्डन परतल्यावर खात्याचा कारभार त्यांच्याकडं आला. ‘द बरोडा लायब्ररी मूव्हमेंट’ हे त्यांचं पुस्तक १९१९ चं. आज या चळवळीबद्दल आपण जे काही बोलतो त्यातलं बरंचसं त्या पुस्तकावर उभं आहे. पण कुडाळकरांचं नाव विचारलं तर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेले विद्यार्थीही गोंधळतात. बॉर्डन पाठ असतो. मला हे खटकतं. बॉर्डन तीन वर्षं होते, ज्यांनी त्यानंतर ते धरून ठेवलं ते कुडाळकर आणि अमीन होते. मोतीभाई अमिनांना खात्यात घेतलं होतं आणि खेड्यांचा विभाग त्यांच्याकडं होता. अमिनांना गावं माहीत होती. कुठल्या गावात कोण माणूस पुस्तकांची काळजी घेईल हे त्यांना कुठल्याही अमेरिकन पद्धतीपेक्षा जास्त कळत होतं.

आता दुसरी बाजू. बडोद्याचं सगळं गोड गोड सांगून मी थांबलो तर ते खरं होणार नाही.

‘लायब्ररी मिसेलनी’ १९१९ च्या सुमारास बंद पडलं. सात-आठ वर्षांचं आयुष्य. खातं चालू राहिलं, ग्रंथालयं वाढत राहिली. विसाच्या दशकात न्यूटन मोहन दत्त क्युरेटर झाले, मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. तिथल्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनी पाहायला आजही लोक जातात, तुम्हीही जा. काचेतून उजेड खालच्या मजल्यावर पडतो. पण तीन भाषांत बोलणारं ते पत्र नव्हतं. गुजरातीत पुढं मोतीभाईंच्या मंडळींनी ‘पुस्तकालय’ मासिक चालवलं, तिकडं धागा राहिला. मराठीत तुटला. आणि वर्गीकरणाची ती बडोदे पद्धत? ड्यूईची दशांश पद्धत १८७६ पासून आवृत्तीमागून आवृत्ती बदलत आली, तेविसावी २०११ ची. रंगनाथनांनी स्वतःची द्विबिंदू पद्धत १९३३ मध्ये छापली आणि हयातभर ती दुरुस्त करत राहिले. बडोदे पद्धतीला असं दुरुस्त करत बसणारं कुणी उरलं नाही. पद्धत चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. बडोद्याबाहेर ती फारशी गेली नाही, आणि आज ती इतिहासाच्या तासाला शिकवतात.

तिकडं लाहोरला वेगळंच घडलं. १९१५ मध्ये पंजाब विद्यापीठानं आसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकनाला बोलावलं. ते ड्यूईंचे शिष्य. बॉर्डन तीन वर्षं राहिले, डिकिन्सन साधारण एकच. पण लाहोरच्या वर्गाला विद्यापीठाचा आधार होता आणि डिकिन्सननी जाता जाता एक छोटं पुस्तक मागं ठेवलं, ‘पंजाब लायब्ररी प्रायमर’, १९१६ चं. लाहोरचा वर्ग टिकला, थेट फाळणीपर्यंत. तिथं शिकलेले खलिफा महंमद असदुल्ला पुढं कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी तिथं प्रशिक्षण वर्ग काढला. म्हणजे वर्गाला संस्था मिळाली तर वर्ग टिकतो. ही लाहोरची बाजू. बडोद्याला ते साधलं नाही. पण लाहोरकडं खेड्यातल्या माणसाला टपालानं जाणारं मासिक नव्हतं. दोन्ही एका जागी कधी आलंच नाही, हे आपलं दुर्दैव म्हणा.

किती दुर्दैव, ते पाहा. १९११ ला बडोद्याचा वर्ग, १९१५ ला लाहोरचा. आणि १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठानं ग्रंथपालाची जागा भरायला काढली तेव्हा सुमारे नऊशे अर्ज आले, त्यात ग्रंथालयशास्त्र शिकलेला एकही नव्हता, असं सांगतात. निवड झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाची. मुलाखतीच्या थोडे दिवस आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका उघडून त्यांनी ग्रंथालयावरचा लेख वाचला, तेवढी तयारी! हे गणिताचे प्राध्यापक म्हणजे रंगनाथन. जागेवर आल्यावर त्यांना तिथलं एकटेपण सहन होईना. परत कॉलेजात घ्या म्हणून त्यांनी विनवलं. मग ठरलं की लंडनला जाऊन शिकून या, नाही रुचलं तर परत या.

रंगनाथन तेव्हा बत्तीस वर्षांचे. नोकरी लागून झाली होती, पद मिळालं होतं. आजच्या भाषेत सेवांतर्गत प्रशिक्षणच म्हणायचं ते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्याकडं ते शिकले, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे शंभरेक ग्रंथालयं फिरून पाहिली. काउंटरच्या अलीकडून आणि पलीकडून पाहिली. एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला, तेच तेच तुकडे वेगवेगळे जोडून वेगळी खेळणी होतात हे पाहिलं, आणि त्यातून द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली. पाठ्यक्रमात मेकॅनो नव्हता. परत आल्यावर त्यांनी पुन्हा गणिताचं नाव काढलं नाही. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ, १९२९ मध्ये संघाचा उन्हाळी वर्ग, १९३१ मध्ये तो वर्ग विद्यापीठाकडं. इथं मात्र संघ आणि विद्यापीठ एकत्र आले, काही काळ तरी.

आपल्या मराठी मुलुखाचं काय? आपल्याकडं ग्रंथालयं कुणापेक्षाही कमी जुनी नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक १८४० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३, मुंबईचं १८९८. पुण्यात १९२१ मध्ये न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली वाचनालयांची परिषद भरली. चाळिशीच्या दशकात मुंबई विद्यापीठानं पदविका सुरू केली. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. मग अ, ब, क, ड असे वर्ग, त्यानुसार अनुदान, आणि जिल्हा ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग. हजारो माणसं या वर्गांतून शिकून बाहेर पडली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ते वर्ग केले असतील. हात वर करू नका, मला दिसतंय. (हशा)

पण या वर्गांची रचना एकदाच शिकण्याची आहे. प्रमाणपत्र मिळालं, पात्रता झाली, अनुदानाच्या तपासणीत तो रकाना भरला. त्यानंतर पंचवीस वर्षं कुणी विचारत नाही. महाविद्यालयीन ग्रंथपालांची गोष्ट थोडी निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८७ पासून अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग आले, पदोन्नतीला ते लागतात. म्हणजे तिथं शिकायला निदान कारण तरी आहे. सार्वजनिक ग्रंथालयातल्या सेवकाला पदोन्नती नाही, वेतन तुटपुंजं, तेही अनुदान आलं की. तीन आठवडे गाव सोडून तो वर्गाला जाईल कसा? वाचनालयाची किल्ली त्याच्या एकट्याकडं असते. तो गेला की वाचनालयाला कुलूप. बडोद्यातल्या खेड्यातला माणूस आणि हा माणूस यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. फरक इतकाच, की त्याच्या घरी दर तीन महिन्यांनी एक अंक येत होता.

थोडं स्वतःचं सांगतो. मी एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. नव्वदच्या दशकात आमच्याकडं संगणक आला. आला म्हणजे प्राचार्यांच्या खोलीत आला, त्यावर पांढरं कापड टाकलं आणि त्यावर एक फुलदाणी. मी उजळणी वर्गाला जाऊन आलो होतो. एकवीस दिवस. वर्ग चांगला होता, शिकवणारे चांगले होते, मी तीन वह्या भरल्या. परत आल्यावर मला संगणकाला हात लावायला मिळाला तो दीड वर्षानं. तोवर वह्यांतलं अक्षर मलाच लागेना. मी शेतावर गेलेला तो चौथी पास मुलगा झालो होतो हो! यात कुणाचा दोष काढायचा? ते यंत्र महागाचं होतं आणि सगळेच घाबरत होते.

मग मला वाचवलं ते शनिवारांनी. आमच्या जिल्ह्यातले आम्ही पाच-सहा ग्रंथपाल महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एस.टी. स्टँडजवळच्या एका वाचनालयात जमायचो. नियम एकच होता. प्रत्येकानं एक अडलेली गोष्ट आणायची. भाषण नाही, सत्कार नाही, चहा स्वतःच्या पैशानं. कुणी दाखल नोंदवहीतला घोळ आणायचा, कुणी वाळवीचा प्रश्न. एकदा ज्ञानेश्वरीवरून दोन शनिवार गेले. ड्यूईप्रमाणे ती गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ ला लावायची की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ ला? एक म्हणाला, वारकरी येतो तो धर्माच्या कपाटाकडं जातो, तिथं ठेवा. दुसरा म्हणाला, एम.ए. मराठीची मुलगी येते ती काव्याच्या कपाटाकडं जाते, तिचं काय? तिसरा म्हणाला, दोन प्रती घ्या, दोन ठिकाणी लावा. पहिला म्हणाला, पैसे तू देणार का? शेवटी आम्ही बोधांक एकच ठेवला आणि तालिकेत दोन्हीकडून संदर्भ दिला. हे कुठल्याही पुस्तकात दोन ओळीत लिहिलेलं आहे. पण त्या दोन शनिवारांनंतर संदर्भपत्र का करायचं हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आणि संगणकावर नोंदी करायची वेळ आली तेव्हा एका पुस्तकाला दोन वाटा कशा द्यायच्या हे आम्हाला आधीच कळलेलं होतं.

तेव्हा मला लायब्ररी क्लब ठाऊक नव्हता. कुडाळकरही ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर बडोद्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की आमच्या शनिवारांना ऐंशी वर्षांपूर्वीचे पूर्वज आहेत.

आता साधनं किती आहेत बघा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट आहे, त्याचं ‘सोल’ हे सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयानं स्वतःच्या गरजेसाठी तयार करून घेतलेलं ‘कोहा’ २००० पासून जगाला फुकट आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी बसून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. ऑनलाइन वर्ग तर रोज एक. महामारीच्या काळात आपण सगळ्यांनी किती ई-प्रमाणपत्रं गोळा केली ते आठवा. व्याख्यान चालू, आवाज बंद, शेवटी फॉर्म भरला की प्रमाणपत्र. माझ्याकडंही आहेत, खोटं कशाला बोलू. त्यातल्या एकाचाही विषय मला आठवत नाही. यातल्या बहुतेक गोष्टी इंग्रजीत आहेत, हा दुसरा मुद्दा. १९१२ मध्ये एका संस्थानाला तीन भाषांत ग्रंथपालांशी बोलावंसं वाटलं. मराठीतून कोहा कसं बसवायचं हे सांगणारी माणसं आज आहेत, ती आपल्या हौसेनं सांगतात, व्हिडिओ करून टाकतात. त्यांना कुठलंही खातं विचारत नाही. मला विचाराल तर आजचे कुडाळकर तेच आहेत.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. एवढंच सांगून थांबतो. आमचे शनिवार माणसं निवृत्त होत गेली तसे बंद पडले. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकानं त्या नावानं मोबाइलवर गट केला, त्यात आता तरुण मुलं-मुली जास्त आहेत, खेड्यातल्या वाचनालयातलीही आहेत. नियम तोच, अडलेली गोष्ट आणायची. सुप्रभात आणि फुलं टाकली की बाहेर. (हशा) गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, आमच्याकडं दलित आत्मकथनांचं कपाट करायचं आहे, चरित्राच्या कपाटात ठेवू, समाजशास्त्रात ठेवू की मराठी साहित्यात? रात्री साडेअकरापर्यंत भांडण चालू होतं. अजून मिटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला त्यात यायचं असेल तर बाहेर चहाच्या टेबलापाशी मला भेटा.